दगडी चर्च वाचायचं कसं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका छोट्या शहरातल्या अँग्लिकन चर्चला टोकदार कमानी आणि उंच, अरुंद खिडक्या आहेत. इमारत मध्ययुगीन असेल का?

उत्तर : बहुधा ती एकोणिसाव्या शतकातली निघेल. १८३९ साली स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने अँग्लिकन चर्चबांधणीचा कलच फिरवला. मध्ययुगीन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची शैली, हीच खरी ख्रिस्ती शैली, असा या मंडळींचा आग्रह होता. १८४१पासून त्यांच्या नियतकालिकात नव्या चर्चची कडक परीक्षा होई. वेदीचा भाग, म्हणजे चॅन्सेल, सभागृहापासून वेगळा आणि खोल हवा; गॅलऱ्या आणि दारं लावलेले बंदिस्त बाक नकोत; दगड दगडासारखाच दिसला पाहिजे. ही मतं वसाहतींपर्यंत पोचली.

म्हणून वय ओळखायला कमानीपेक्षा भिंत पाहा. जुनं चर्च तुकड्यातुकड्यांनी वाढलेलं असतं : बुजवलेलं दार, एकाच भिंतीत दोन शतकांच्या खिडक्या, मनोऱ्यावर आधीच्या उतरत्या छपराची खूण. सगळीकडे सारखे थर आणि एकाच हातोटीची घडाई दिसली, तर ते एका दमात बांधलेलं आहे. मला अशी एकसंध चर्चही तितकीच आवडतात. 'नक्कल' म्हणून त्यांना बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : वेदी पूर्वेला हवी ना? आम्ही पाहिलेल्या चर्चमध्ये ती होकायंत्रावर उत्तरेला निघाली.

उत्तर : परंपरा पूर्वेची, पण रस्ता किंवा जागेचा आकार आडवा आला की दिशा सोडावी लागे. वर्णनात मात्र वेदीच्या बाजूला पूर्वच म्हणतात. जुनी टिपणं वाचताना एवढं लक्षात ठेवा, नाहीतर 'पश्चिम दरवाजा' भलत्याच बाजूला शोधत बसाल.

प्रश्न : दगडांमधला चुना भुरभुरतोय. सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घ्याव्यात का?

उत्तर : कृपा करून नको! चुना दगडापेक्षा मऊ असतो, आणि तसाच हवा. भिंतीत शिरलेला ओलावा दर्जांतून बाहेर पडतो. झिजायचं ते चुन्याने, दगडाने नव्हे. सिमेंट ही वाट बुजवतं. मग पाणी दगडातून वाट काढतं, त्यातले क्षार पृष्ठभागाआड साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कडाक्याच्या थंडीत आतल्या पाण्याचा बर्फ होऊन तडे जातात. वालुकाश्म आणि मऊ चुनखडी यांना सर्वांत जास्त धोका. सिमेंटच्या रेघा शाबूत आणि मधला दगड बोटभर खोल गेलेला, अशा भिंती पाहून जीव तुटतो.

आधी पन्हळी तपासा. ओलीचं मूळ पुष्कळदा तिथंच सापडतं. मग सैल चुना छिन्नीने, हातानेच, दर्जेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत काढा. यंत्राचं पातं दगडाच्या कडा खातं. नवा चुना भरल्यावर काही दिवस ओल्या गोणपाटाने झाका.

प्रश्न : मनोरा नाही, भिंतीच्या माथ्यावरच्या छोट्या कमानीत घंटा टांगली आहे. पैसे संपले असतील का?

उत्तर : तसं मानायचं कारण नाही. याला बेलकोट म्हणतात, आणि मध्ययुगातल्या खेड्यांतल्या चर्चवरही तो आहे. मनोऱ्याचा खर्च न करता घंटा उंचावर नेता येते. घंटेची दोरी छपरातून आत उतरत असेल, तर ते भोक मात्र जरूर पाहा. तिथून गळणारं पाणी खालच्या तुळईच्या टोकात मुरतं.