‘बौद्ध धर्म’ लिहायचं की ‘बौद्ध धम्म’, आणि चिनी-जपानी लोक धर्माला म्हणतात तरी काय?

प्रश्न असा आलाय, थोडक्यात: “मी एका लेखात ‘बौद्ध धर्म पहिल्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये पोचला’ असं लिहिलं तर एकाने दुरुस्त केलं की धर्म नाही, धम्म लिहा, दोन्ही वेगळे शब्द आहेत. खरंच वेगळे आहेत का? आणि चीन-जपानमध्ये धर्म या अर्थी कुठला शब्द वापरतात, तिथे आपला धर्म शब्द गेला का?”

आधी सोपा भाग उरकतो. शब्द म्हणून दोन्ही एकच. संस्कृतात धर्म, पाळीत (म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची पाली भाषा) धम्म. पाळी आणि एकूणच प्राकृतांना ‘र्म’ असला रफार जड जातो, मग र पुढच्या अक्षरात विरघळतो आणि ते अक्षर दुप्पट होतं. कर्म-कम्म, सर्प-सप्प, वर्ग-वग्ग. आता गंमत बघा, आपली मराठी याच वाटेने एक पाऊल पुढे गेली, तिने ते जोडाक्षर सोडून दिलं आणि आधीचा स्वर लांब केला, म्हणून कम्मचं काम झालं, सप्पचा साप, घर्म (म्हणजे उष्णता) त्याचं घम्म होऊन घाम, चर्म-चम्म-चाम, ज्यातून चामडं आलं. या हिशोबाने धर्मचं मराठीत ‘धाम’ व्हायला हवं होतं! झालं नाही, कारण असले पोथीतले शब्द लोकांच्या कानावर सतत संस्कृत रूपातच पडत राहतात, ते झिजत नाहीत. फार तर बोलताना दानधरम होतं. (आपल्याकडे जो धाम शब्द आहे, चारधाम वगैरे, तो निराळा, संस्कृत धामन् म्हणजे निवासस्थान, त्याचा याच्याशी संबंध नाही, घोळ नको.)

हा उच्चाराचा भेद किती वरवरचा आहे ते अशोकाच्या शिलालेखांत दिसतं. राजा एकच, आज्ञा त्याच, पण गिरनारला कोरलंय ‘धंम’ आणि तिकडे वायव्येला शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत ‘ध्रम’. ज्या भागात लोक जसं बोलतात तसं. आणि कंदाहारला १९५८ मध्ये अशोकाचा जो ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतला लेख सापडला त्यात तर शब्दच बदललाय, ग्रीकमध्ये धर्माला ‘युसेबेइया’ म्हटलंय, म्हणजे साधारण श्रद्धाशीलता, वडीलधाऱ्यांबद्दल आणि देवांबद्दल आदर, आणि अरामीत जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो सत्य. म्हणजे २२००-२३०० वर्षांपूर्वीच भाषांतर करणाऱ्याची पंचाईत झाली होती की या शब्दाचं करायचं काय, आपण काही पहिले नाही!

आता “बौद्ध म्हटलं की धम्मच” हा जो आग्रह आहे तो तसा धरता येत नाही, कारण बौद्धांचं सगळंच पाळीत नाहीये. महायान या बौद्ध शाखेचे कितीतरी ग्रंथ संस्कृतात आहेत आणि तिथे सरळ धर्म लिहिलंय, सद्धर्मपुंडरीक हे नावच घ्या. उलट धम्मपद या पाळी ग्रंथातली पाचवी गाथा, ती वैराने वैर शमत नाही वाली, तिचा शेवट होतो ‘एस धम्मो सनन्तनो’ असा, म्हणजे शब्दशः ‘हा सनातन धर्म आहे’. हे ज्यांना नवीन असेल त्यांनी जरा थांबून परत वाचा :) तिथे सनातन म्हणजे कुठल्या समाजाचं नाव नव्हे, ‘हा फार जुना, कायमचा नियम आहे’ एवढंच.

पण (आणि हा पण मोठा आहे) दुरुस्ती करणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मराठीत धम्म हा शब्द आज जो नांदतोय तो बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १४ ऑक्टोबर १९५६ ला धर्मांतर झालं, त्यांचा बुद्ध आणि धम्मावरचा इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात आला, आणि त्यात त्यांनी धम्म आणि रिलिजन यांत मुद्दाम रेघ ओढली, की रिलिजन हा ज्याचा त्याचा खाजगी मामला मानतात, धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे, माणसाने माणसाशी कसं वागावं याच्याबद्दल आहे. तेव्हा मराठीत कोणी जाणीवपूर्वक धम्म लिहितो तेव्हा तो नुसता पाळी उच्चार करत नसतो, ‘इतर धर्मांच्या रांगेतला हा आणखी एक धर्म नव्हे’ असं सांगत असतो. व्युत्पत्तीने शब्द एक, वापराने दोन. भाषेत असं होतच असतं, काम आणि कर्म पण एकच आहेत की मुळात, म्हणून कोणी “आज ऑफिसात खूप कर्म होतं” म्हणत नाही.

आता खरी खुमासदार गोष्ट. धर्म म्हणजे रिलिजन, फॉर्मवरच्या रकान्यात एका शब्दात भरायची गोष्ट, हा अर्थ या शब्दाच्या अंगावर बराच उशिरा घट्ट बसलेला कपडा आहे. मूळ धातू धृ, धरणे, धारण करणे. ऋग्वेदात तो ‘धर्मन्’ असा नपुंसकलिंगी येतो, पुरुषसूक्ताच्या शेवटी ‘तानि धर्माणि प्रथमान्यासन्’ आहे बघा, ‘ते धर्माः’ नाहीये, आणि तिथे अर्थ आहे विधी, ठरून गेलेल्या रीती, ज्यांच्यावर सगळं तोललेलं आहे. महाभारतात कर्णपर्वात ‘धारणाद्धर्ममित्याहुः’, धारण करतो म्हणून धर्म म्हणतात. मीमांसक (म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारा) जैमिनी म्हणतो वेद जे करायला सांगतो ते धर्म. आणि मनुस्मृती सहाव्या अध्यायात धर्माची दहा लक्षणं देते त्यात धैर्य, क्षमा, चोरी न करणं, राग न करणं असलं सगळं आहे, देवाचं नावच नाही त्या यादीत.

सगळ्यात जास्त गैरसमज कुठे होतो सांगू? गीतेतल्या ‘स्वधर्मे निधनं श्रेयः परधर्मो भयावहः’ला. हे आजकाल लोक ‘आपला रिलिजन सोडून दुसऱ्याच्यात जाऊ नका’ असं वाचतात आणि वर ठणकावून सांगतात. अहो समोर अर्जुन उभा आहे, तो काही धर्मांतर करायला निघालेला नव्हता, लढायचं सोडून भीक मागून जगतो म्हणत होता! तिथे स्वधर्म म्हणजे स्वतःच्या वाट्याला आलेलं कर्तव्य, क्षत्रियाचं लढणं. पुढे अठराव्या अध्यायात ‘सर्वधर्मान्परित्यज्य’ आहे, त्याचा अर्थ जर ‘सगळे रिलिजन सोडून दे’ असा घेतला तर काय होईल विचार करा. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात ‘विश्व स्वधर्मसूर्ये पाहो’ आहे तिथेही तेच, विश्वातल्या प्रत्येकाला स्वतःच्या कर्तव्याचा उजेड दिसो. अख्ख्या विश्वाचा एकच रिलिजन ही काही त्या ओळीतली मागणी नाही.

आणि आपल्या रोजच्या बोलण्यात हे जुने अर्थ अजून जिवंत आहेत फक्त आपलं लक्ष नसतं. गुणधर्म मधला धर्म म्हणजे स्वभाव. जाळणं हा अग्नीचा धर्म. शेजारधर्म म्हणजे कर्तव्य. आघाडीधर्म, युतीधर्म हे तर हल्लीच्या राजकारणातले आणि तरी अगदी अस्सल जुन्या अर्थाचे शब्द आहेत. दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय यांत तो पुण्यासाठी दिलेलं असा होतो. कर्मधर्मसंयोगाने मध्ये दोघे मिळून चक्क योगायोग होतात. यातल्या एकाही ठिकाणी रिलिजन घालून बघा, वाक्य मोडतं.

बौद्ध वापर याहून पुढे जातो. धम्मपदात २७७ ते २७९ या तीन गाथा सलग आहेत, पहिली म्हणते ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’, दुसरी ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’, आणि तिसरी अचानक शब्द बदलते, ‘सब्बे धम्मा अनत्ता’. का बदलला? थेरवादी (म्हणजे पाळी ग्रंथ मानणाऱ्या बौद्धांच्या) परंपरेत सर्वसाधारणपणे असं समजावतात की सङ्खार म्हणजे कारणांनी घडलेल्या गोष्टी, त्या अनित्य आणि दुःखमय, पण निब्बान (म्हणजे निर्वाण) हे काही कशाने घडलेलं नाही म्हणून ते त्यात बसत नाही, धम्म मात्र इतका ऐसपैस शब्द आहे की त्यात निब्बानसुद्धा येतं, आणि आत्मा असा तर कशातच नाही, म्हणून तिथे धम्म. म्हणजे इथे धम्म म्हणजे शिकवणही नाही, कर्तव्यही नाही, ‘जे जे काही आहे ते’. अभिधर्मवाल्यांनी, म्हणजे अशा सगळ्या गोष्टींचं बारीक वर्गीकरण करणाऱ्या बौद्ध पंडितांनी, तर असे धर्म मोजले, सर्वास्तिवादी पंथाचे ७५ म्हणतात, योगाचार पंथाचे १००. हे वाचून ‘बौद्धांमध्ये १०० धर्म आहेत?’ असं कोणी विचारलं तर हसू नका, शब्दाचीच चूक आहे.

जैनांचं त्याहून भन्नाट. त्यांच्याकडे अहिंसा-संयम-तप हा धर्म आहेच, ‘धम्मो मंगलमुक्किट्ठं’ म्हणतात तो, पण त्याशिवाय विश्व ज्यांचं बनलंय त्या सहा द्रव्यांत धर्म आणि अधर्म नावाची दोन द्रव्यं आहेत आणि त्यांचा पाप-पुण्याशी काडीचा संबंध नाही. धर्म म्हणजे गतीला आधार देणारं माध्यम आणि अधर्म म्हणजे थांबायला आधार देणारं. नेहमीचा दृष्टांत माशाचा आहे, पाणी माशाला ढकलत नाही पण पाणी नसेल तर मासा पोहणार कसा, तसं. पहिल्यांदा तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाचा पाचवा अध्याय वाचताना मी अधर्म म्हणजे अन्याय समजून दोन पानं पुढे गेलो होतो आणि काही केल्या अर्थ लागेना, विश्व टिकायला अन्यायाची गरज कशी काय?! मग परत मागे येऊन व्याख्या वाचली.

आता चीन-जपान. धर्म शब्द तिथे गेला का, तर अर्थाने गेला, आवाजाने फारसा नाही. बौद्ध भाषांतरकारांनी धर्मासाठी ‘फा’ निवडला, जो आधीपासून कायदा, पद्धत, नियम या अर्थी होता. कडक कायदा आणि शिक्षा यांवर राज्य चालवा म्हणणारा चीनमधला जो जुना राजकीय विचार, त्याच्या नावात पण हाच फा आहे, म्हणजे करुणेचा उपदेश आणि फटक्यांचा कायदा एकाच अक्षरात नांदतात. पण फा म्हणजे रिलिजन नव्हे. त्या बाजूला चिनी भाषा लावते ‘च्याओ’, म्हणजे शिकवण. बुद्धाची ती फोच्याओ, दाव म्हणजे मार्ग, त्याची ती दावच्याओ, कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विद्वानांची ती रूच्याओ, आणि या तिघींना मिळून सानच्याओ, तीन शिकवणी. शाळेतल्या वर्गखोलीच्या शब्दातही हेच अक्षर आहे. शिकवणी म्हटल्यावर एकाच माणसाने तिन्ही घेतल्या तर बिघडलं कुठे? रकान्यात एकच टिक करा म्हटलं की मात्र अडतं.

सबंध ‘रिलिजन’ला एक शब्द हवा ही गरज पडली १९व्या शतकात, मेइजी सम्राटाच्या काळातल्या जपानला, पाश्चात्त्यांशी करारमदार करताना. त्यांनी बौद्ध ग्रंथांतला एक जुना शब्द उचलला, शूक्यो. शू म्हणजे संप्रदाय, क्यो म्हणजे शिकवण (चिनी च्याओच तो). हाच शब्द तीच अक्षरं घेऊन चीनला परत गेला आणि त्सुंगच्याओ झाला, कोरियात चोंगग्यो. त्यामुळे एखादा जपानी माणूस देवळात जाऊन हात जोडतो आणि विचारलं तर “मला शूक्यो नाही” म्हणतो यात मला तरी विसंगती वाटत नाही, त्याच्या कानाला तो शब्द ‘कुठल्यातरी संप्रदायाचा सभासद’ असाच ऐकू येतो. शिंतो ही जपानची स्वतःची जुनी देवपूजेची परंपरा, तिच्या नावात तर च्याओ-क्यो काहीच नाही, शिं म्हणजे देव आणि तो म्हणजे वाट, ज्युडोतला डो तोच. पंजाबीत शिखांचा पंथ म्हणतात तोही वाटच की.

दक्षिण-पूर्वेला आणखी मजा. रिलिजनसाठी इंडोनेशियात शब्द आहे आगम, सिंहलीतही आगम, थाई लोक म्हणतात सात्सना, म्हणजे आपलं शासन! तेलुगू-मल्याळममध्ये मतम्, जे आपण निवडणुकीत देतो. शब्द सगळे आपल्या घरचे, अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. आणि धर्म शब्द थाईत गेला तो कुठे बसलाय बघा: थम्मचात म्हणजे निसर्ग, आणि थम्मदा (मूळ धर्मता) म्हणजे साधं, नेहमीचं, त्यात काय विशेष असं.

तर तुमच्या वाक्याबद्दल. चीनमध्ये जे पोचलं त्यात भिक्खू होते, मूर्ती होत्या, संस्कृत-प्राकृतातल्या पोथ्या होत्या, विहार होते, त्या सगळ्या पसाऱ्याला मराठीत ‘बौद्ध धर्म’ म्हणणं बरोबर आहे, बदलू नका. त्याच लेखात बुद्धाने काय सांगितलं ते लिहिणार असाल तिथे धम्म वापरा, आणि जमल्यास ‘बौद्ध धम्म’ऐवजी ‘बुद्धाचा धम्म’ लिहा, अर्धं संस्कृत अर्धं पाळी असं जोडकाम माझ्या कानाला जरा खटकतं, पण ती माझी खोड आहे, व्याकरणाचा नियम नाही.