तळ शाबूत असला तरी बूट संपलेला असू शकतो

तुमचा प्रश्न असा आहे की, सुमारे ७०० किलोमीटर धावूनही बुटांचा तळ फारसा झिजलेला नाही, वरचे कापडही धड आहे, तरीही गेले पंधरा दिवस धावल्यानंतर पोटऱ्या आणि गुडघे दुखतात; तेव्हा बूट बदलावेत का, आणि बदलले तर पाच आठवड्यांवर आलेली अर्धमॅरेथॉन नव्या जोडावर धावावी का.

दुखण्याचे कारण बूटच आहेत असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अलीकडे सराव एकदम वाढवला असेल तर आधी तिकडे पाहावे, आणि नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, तर बुटांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मात्र तळावरून बुटाची परीक्षा करणे चुकीचे आहे. जमिनीला घासणारे रबर चिवट असते. आघात झेलतो तो त्याच्या वरचा मिडसोल, जो बहुतेक वेळा ईव्हीएसारख्या फोमचा असतो आणि ज्यातील हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या दर पावलागणिक दबून पुन्हा फुगतात. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावणारा माणूस मिनिटाला १७० पावले टाकत असेल, तर ७०० किलोमीटरमध्ये एकेका बुटाने शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार साडेतीन लाखांहून अधिक वेळा सोसलेला असतो. त्या पोकळ्यांच्या भिंती मोडत जातात, फोम बसतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर ही मर्यादा सांगितली जाते, पण ती मुहूर्तासारखी पाळण्याची गोष्ट नाही. शर्यतीसाठीचे हलके बूट पुष्कळ आधी संपतात, आणि धावणाऱ्याचे वजन व धावण्याची ढब यांनुसारही फरक पडतो. मिडसोलच्या बाजूला कायमच्या आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत का, आणि बूट टेबलावर ठेवून मागून पाहिल्यास तो एका अंगाला कलतो का, हे पाहावे. मला सर्वांत भरवशाची वाटते ती परीक्षा म्हणजे त्याच प्रकारचा नवा बूट एका पायात आणि जुना दुसऱ्या पायात घालून दोन मिनिटे चालणे. वरचे कापड नव्यासारखे दिसते म्हणून मी एक जोड हजार किलोमीटरच्या पुढे ओढला होता. या परीक्षेत जुना पाय अक्षरशः फरशीवर टेकल्यासारखा वाटला आणि माझा हट्ट संपला.

नवा बूट चावून चावून सैल होईल, ही समजूत चामड्याच्या बुटांची आहे. धावण्याचा बूट पहिल्याच दिवशी आरामात बसला पाहिजे. तो घरातच चावत असेल तर परत करावा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, धावण्याचे मोजे घालून पाहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. टाच निसटत असेल तर लेस सर्वांत वरच्या जादा भोकातून ओवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

खरे जुळवून घ्यायचे असते ते पायांना, विशेषतः टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरक बदलला असेल तर. हा फरक १० मिलिमीटरवरून ४ वर आला, तर पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवतो. शर्यत जवळ असताना असा बदल करूच नये. सध्याच्याच प्रकारचा जोड घ्यावा.

पाच आठवडे पुरेसे आहेत, मात्र बूट याच आठवड्यात घ्यावेत. पहिल्या आठवड्यात नव्या बुटांवर चार-पाच किलोमीटरच्या दोन संथ फेऱ्या कराव्यात, दुसऱ्या आठवड्यात निम्मे धावणे त्यांवर आणावे, तिसऱ्यापासून सगळे. शर्यतीच्या दोन आठवडे आधीची लांब धाव नव्या जोडावर, शर्यतीला घालणार त्याच मोज्यांसह, फोड न येता पार पडली, तर तोच जोड घालून उतरावे. जुना जोड तोवर ठेवावा, पण लांब धावेसाठी नव्हे.