वाचक विचारतात: दसरा-दिवाळीत कॅम्पसवर सगळ्यांचे सण कसे करायचे?

प्रश्न: मॅडम, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावला एमए करते, रोज बसनं ये-जा. आमच्या डिपार्टमेंटनं यंदा दसरा ते दिवाळी व्याख्यानं, दोन वर्कशॉप आणि शेवटी एक सर्वधर्म कार्यक्रम ठरवलाय, त्याची जबाबदारी मी आणि आणखी तिघांवर आलीय. वर्गात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं आहेत, जैन, लिंगायत, मुसलमान, ख्रिश्चन, बौद्ध सगळेच आहेत. एका संध्याकाळी एकाच स्टेजवर प्रत्येक धर्माला पाच मिनिटं द्यायची असं चाललंय. कुणी दुखावलं तर काय अशी भीती वाटते. – एक विद्यार्थिनी

उत्तर: अगं, भीती वाटतेय म्हणजे तू मनापासून करतेयस, ते असू दे. पण पाच-पाच मिनिटांचं सोड. मी शिकवत होते तेव्हा एका कॉलेजात आम्ही नेमकं हेच केलं होतं, ख्रिश्चन मुलाला आदल्या दिवशी सांगितलं की तू प्रार्थना म्हण, आणि कागद आम्हीच लिहून दिला, त्यानं बिचाऱ्यानं वाचला, टाळ्या पण पडल्या. नंतर जिन्यात भेटला तेव्हा हळूच म्हणाला, मॅडम, आमच्या घरी असं कुणी म्हणतच नाही. ते अजून मला लागतं. आम्ही त्याला बोलावलं होतं पण विचारलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, ज्याचा सण त्याच्याच हातात तो दिवस द्या आणि बाकीच्यांनी त्या दिवशी पाहुणे व्हा. एक संध्याकाळ नको, पाच-सहा छोटे दिवस करा की. दसऱ्याचंच बघ. आपण आपट्याची पानं देतो, तुझ्या कन्नड मैत्रिणी बन्नीची पानं देऊन 'बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण' (बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू) म्हणतात, आणि त्याच विजयादशमीला बौद्ध मुलांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, कारण बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस त्या वर्षीचा दसरा होता. एकाच दिवसाच्या या तीन गोष्टी तिघांच्या तोंडून ऐकल्या तर त्याहून चांगलं व्याख्यान कुठलं? त्या दिवशी सुट्टी असते, तेव्हा आदल्या नाहीतर नंतरच्या वर्किंग डेला ठेवा.

दिवाळीतही तसंच. आपण लक्ष्मीपूजन करतो त्या अमावस्येच्या पहाटे चिक्कोडी-निपाणीकडच्या जैन घरांतली माणसं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महावीर निर्वाणाचा लाडू चढवायला जातात, शेजारी राहूनही आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं. २ नोव्हेंबरला ख्रिश्चन लोक आपल्या मृतांची आठवण काढतात, कबरीवर मेणबत्त्या लावतात, तेव्हा त्या दिवसांत ख्रिश्चन मुलीला नाचगाण्याच्या कार्यक्रमात उभं करू नका, तिला काय हवंय ते आधी विचारा.

आता तारखा. ईद-ए-मिलाद यंदा शरदात आहे का हे कॅलेंडरमध्ये नीट बघा. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तो सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपलं पंचांग पण चंद्रावरच चालतं पण आपण मधेमधे अधिक महिना घालून ते ऋतूशी जुळवून घेतो. म्हणूनच २०२३ ला मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, २०२४ ला १६ आणि १७, २०२५ ला ५ आणि ६ सप्टेंबर, असं लागोपाठ तीन वर्षं जोडीनं आले, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला की दोघांत महिन्याचं अंतर पडतं. कॅलेंडरवरच एक वर्कशॉप घ्या, खगोल शिकवणारे सर, पंचांग कळणारं कुणीतरी आणि एखादे मौलाना यांना एका टेबलाशी बसवा, मुलांना हे फार आवडतं. फक्त ईदची तारीख छापताना चंद्र दिसण्यावर अवलंबून असं लिहायला विसरू नका.

दुसरं वर्कशॉप वर्गात घेऊच नका, बेळगावच्या किल्ल्यात जा. दारातच गणपती आणि दुर्गादेवी, आत १२०४ सालची कमल बस्ती, रट्ट राजांच्या मंत्र्यानं, बिचिराजानं बांधलेली, मग १५१९ ची असदखानाची सफा मशीद, आणि रामकृष्ण आश्रम, जिथं विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये हरिपद मित्रांकडे राहिले होते (त्याआधी ते रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी होते). चालत एका सकाळी सगळं होतं. प्रत्येक जागी तिथल्याच माणसाला बोलू द्या, गाइड आणू नका. आत लष्कराचा भाग आहे, ओळखपत्रं जवळ ठेवा, फोटो विचारून काढा, मशिदीत आणि बस्तीत चप्पल बाहेर.

खाण्याचं सांगते कारण तिथंच माणूस खरा दुखावतो. नोव्हेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि जी जैन मुलं सूर्यास्तानंतर खात नाहीत ती साडेसहाच्या नाश्त्याला नुसती बसून राहतात, कुणाला पत्ताही नसतो. नाश्ता चारला ठेवा, कांदा-लसूण-बटाटा नसलेली एक डिश असू दे, नवरात्रात उपवासाची खिचडी, आणि गोडाला कुंदा आहेच की. लवकर संपलं तर तुझ्यासारख्या मुलींना खानापूरची बस पण मिळेल. कर्नाटकात सरकारी बसला बायकांचं तिकीट माफ झालं म्हणून काय झालं, शेवटची बस चुकली तर घरचे पुढच्या वेळी पाठवत नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा बेळगावला कॉलेजात आहे. तिथं दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेत सगळ्यांनी हात जोडायचे असं सांगितलं, त्याला ते जमेना. मी त्याला जा म्हणू की नको म्हणू? – एक वडील, निपाणी

उत्तर: भाऊ, जायला सांगा, पण हात जोडायचे की नाही ते त्याचं त्यानं ठरवू दे. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. प्राचार्यांना भेटून शांतपणे एवढंच सांगा, भांडायला जाऊ नका. आणि मुलाला सांगा, दुसरा प्रार्थना करत असताना गप्प उभं राहणं, मोबाइल खिशात ठेवणं, हा मान झाला, त्यानं आपला देव कुठं जात नाही.

प्रश्न: कॅम्पसवरच्या कार्यक्रमाची पत्रिका मराठीत काढावी की कन्नडमध्ये? दोन्हीकडून बोलणी खातोय. – एक कार्यकर्ता विद्यार्थी

उत्तर: दोन्हीत काढ बाळा, आणि उर्दूच्या चार ओळी पण घाल, त्या कुणाकडून तरी तपासून घे, गूगलवर सोडू नको. अक्षरं सारख्या आकाराची ठेव, लोक तेच आधी बघतात. विद्यापीठाच्या नियमात कन्नड आधी असेल तर आधी कन्नड, त्यावर वाद घालू नको. सूत्रसंचालन दोघांनी मिळून करा, एक वाक्य कन्नड, एक मराठी, पण तेच तेच परत भाषांतर नको, नाहीतर कार्यक्रम दुप्पट लांबतो आणि मागची मुलं उठून कॅन्टीनला जातात.