जीईबीचा (गेट एंड बॉक्सचा) हँडल ऑफ केला, एवढ्यावर झाकण उघडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूमिगत कोळसा खाणीत एसडीएल लोडर (साइड डिस्चार्ज लोडर, कोळसा उचलून टाकणारी मशीन) सारखा ट्रिप होतोय. सीनियर म्हणतात, ‘गेट एंड बॉक्सचा (मशिनीला सप्लाय देणाऱ्या स्विच-बॉक्सचा) हँडल ऑफ कर आणि उघड’. मागची सप्लाय बंद करायला ओव्हरमन (शिफ्टच्या कामावर देखरेख करणारा) तयार नाही, कारण डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे खाणीच्या त्या भागातल्या, बाकीच्या मशिनी थांबतात.

आधी उघडायचं काय आहे ते ठरवा. लोडरच्या अंगावरचं पॅनेल उघडायचं असेल तर जीईबीचा आयसोलेटर (त्या हँडलने चालणारा, सप्लाय तोडणारा स्विच) ऑफ, त्याला कुलूप आणि टॅग, शक्य असेल तर ट्रेलिंग केबलचा (मशिनीमागे ओढल्या जाणाऱ्या केबलचा) प्लग काढून बाजूला. एवढ्याने मशिनीकडची सप्लाय तुटते. पण खुद्द जीईबीत हात घालायचा असेल तर तो हँडल उपयोगाचा नाही. आयसोलेटरच्या अलीकडची इनकमिंग टर्मिनल्स ५५० व्होल्टवर जिवंतच असतात. बॉक्स एकाला एक जोडलेले असतील तर आतल्या बसबारचंही (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचंही) तेच. तिथे मागच्या स्विचवरून किंवा ट्रान्सफॉर्मरवरून शटडाऊन घेण्याला पर्याय नाही, मग उत्पादन थांबो की न थांबो.

‘अर्थ फॉल्ट रिले आहे ना, शॉक बसला तर ट्रिप होईल’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हा रिले म्हणजे वीज जमिनीकडे गळली की सप्लाय तोडणारं उपकरण. आपल्याकडे जमिनीखालच्या ५५० आणि ११०० व्होल्टच्या सिस्टिममध्ये अर्थ फॉल्टचा करंट ७५० मिलिअँपिअरपर्यंत मर्यादित ठेवतात. ते ठिणगी आणि केबलचा भडका आवरण्यासाठी. माणसाचं हृदय बंद पडायला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका करंटही पुरतो, त्यामुळे रिलेच्या भरवशावर हात घालू नका.

शॉक एकट्याला बसतो. खाणीतला मिथेन गॅस पेटला तर अख्खी शिफ्ट सापडते. फ्लेमप्रूफ बॉक्स म्हणजे गॅस आत शिरू न देणारा डबा, असा गैरसमज जुन्या लोकांतही आहे. गॅस आत शिरतोच. आत स्फोट झाला तरी ज्वाळा फ्लँजच्या (झाकण आणि डबा जुळतात त्या कडांच्या) अरुंद फटीतून बाहेर येताना थंड व्हावी, एवढीच ती रचना. म्हणून एक बोल्ट कमी, फ्लँजवर गंज किंवा रंगाचा थर, किंवा फट नीट बसावी म्हणून कुणीतरी हौसेने घातलेला रबराचा तुकडा, यातलं काहीही असलं की तो बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. बंद करताना सगळे बोल्ट आवळून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चारही बाजूंनी फिरवा. हे काम सर्वांत जास्त टाळलं जातं, कारण तोवर शिफ्ट सुटायची वेळ झालेली असते.

तेव्हा क्रम असा ठेवा. सप्लाय बंद, कुलूप, मग मिथेनची तपासणी, तीही छताजवळ, कारण मिथेन हलका असतो आणि वर साठतो. हवेत १.२५ टक्क्यांहून जास्त मिथेन आढळला तर वीज तोडावीच लागते. तिथे झाकणाला हात लावायचा नाही. ‘आमची डिग्री वनची खाण आहे’ म्हणून मीटर खिशातच ठेवणारे भेटतील. डिग्री वन म्हणजे गॅस कमी. गॅस नाहीच, असा त्याचा अर्थ नव्हे.

गॅस नाही हे पाहून मगच झाकण. त्यानंतर मान्यताप्राप्त इंडिकेटरने तिन्ही फेज मृत आहेत याची खात्री करा आणि केबल अर्थला डिस्चार्ज करा. बाजारातला साधा मल्टिमीटर किंवा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) फेसवर, म्हणजे कोळसा काढतात तिथे, नको. १९१३ साली वेल्समधल्या सेंगेनिड खाणीत ४३९ कामगार गेले. तिथे संशय होता तो सिग्नलच्या घंटीच्या उपकरणातल्या ठिणगीवर, कुठल्या मोठ्या मोटरवर नव्हे. इतक्या कमी ऊर्जेनेही मिथेन पेटतो का याचा अभ्यास त्यानंतर जोराने सुरू झाला, आणि आज आपण ज्याला इंट्रिन्सिकली सेफ (ठिणगी पडली तरी गॅस पेटणार नाही इतक्या कमी ऊर्जेची) म्हणतो ती उपकरणं त्यातूनच आली.

फोनवर ‘अर्ध्या तासाने चालू कर’ असा शटडाऊन कधीच घेऊ नका. ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं. शिफ्ट बदलली तर समोरासमोर ताबा द्यायचा. अर्थ फॉल्टवर ट्रिप झालेला स्विच पुन्हा पुन्हा मारून पाहणं हाही एक आवडता उद्योग आहे. दोष सापडेपर्यंत तो करायचा नाही. बहुतेक वेळा दोष लोडरच्या वळणावर चेंगरलेल्या केबलमध्ये निघतो. आणि तुम्ही अजून ट्रेनी असाल तर झाकण प्राधिकृत माणसानेच उघडायचं, तुम्ही शेजारी उभे राहा.

राहता राहिला ओव्हरमन. वाद घालू नका. शटडाऊन नाकारत असाल तर रिपोर्ट बुकात तसं लिहून सही करा, एवढंच म्हणा. बहुतेक ठिकाणी शटडाऊन लगेच मिळतो.