डान्स पॅडचा डावा बाण लागत नाही: दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

आपण विचारले आहे की, घरच्या डान्स पॅडचा (पडद्यावरच्या बाणांप्रमाणे तालावर पावले टाकून खेळायच्या, चार बाणांच्या पॅडचा) डावा बाण दोन महिन्यांपासून पाय ठेवल्यावर कधी लागतो, कधी लागत नाही, तर तो दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, आणि नवीन घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा. पॅड पत्र्याचा असेल तर तो मुळीच टाकू नका. चारपैकी तीन बाण व्यवस्थित चालत असताना एका बाणासाठी सगळा पॅड भंगारात काढण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाने तो उघडून पाहिलेला नसतो, असे माझे ठाम मत आहे. आमच्या घरात नेमक्या याच डाव्या बाणावरून मोठा वाद झाला होता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचा पॅड मी २००९ साली अमेरिकेत ओहायोत असताना, शिक्षण संपवून परत निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून जुना विकत घेतला. ज्या खेळासाठी असे पॅड असतात तो 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' हा कोनामी कंपनीचा खेळ १९९८ साली जपानमधल्या आर्केडमध्ये (व्हिडिओ गेमच्या दालनांत) आला, आणि मी तो पहिल्यांदा खेळले ते ओहायोतल्या एका मॉलमध्ये. घरी मात्र आम्ही संगणकावर 'स्टेपमेनिया' हा तसाच खेळ खेळवणारा मोफत प्रोग्रॅम वापरत असू. पुण्याला परतताना मी भांड्यांचे एक खोके कमी केले, पण पॅड सामानाबरोबर आणला. पुढे माझी मुलगी त्यावर खेळू लागली आणि माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेली.

एका जुलै महिन्यात तिचा डावा बाण चुकू लागला. स्टेपमेनियाच्या मूळ मांडणीत पावलाला सर्वांत वरचा शेरा मिळण्यासाठी ते ठरलेल्या क्षणाच्या २२.५ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पडावे लागते, त्यामुळे बाण थोडा उशिरा लागला तरी मुलाला वाटते की आपलाच ताल चुकला. ती आठवडाभर स्वतःलाच दोष देत होती, हे मला फार लागले. माझे दीर इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर आहेत. त्यांनी पॅडकडे उभ्या उभ्या पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, बोर्ड गेलंय. खेळणंच आहे ते, देऊन टाका भंगारात."

'खेळणं' हा शब्द मला आजही मान्य नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ साली आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांमध्ये मुलांच्या व्यायामासाठी हाच खेळ नेण्याची योजना जाहीर केली होती. पण तो मुद्दा सोडला तरी, 'बोर्ड गेलंय' हे निदान तपासायला दहा मिनिटे पुरतात. मी कंट्रोल बॉक्स, म्हणजे सगळ्या बाणांच्या तारा ज्यातल्या बोर्डाला जोडलेल्या असतात ती डबी, उघडला आणि डाव्या व उजव्या बाणाच्या तारांची अदलाबदल केली. मग उजव्या बाणावर पाय ठेवला की पडद्यावर 'डावा' दरवेळी बिनचूक उमटू लागला आणि डाव्या बाणावर उभे राहिले तरी 'उजवा' उमटेना. म्हणजे बोर्ड ठणठणीत होते आणि दोष पॅनेलमध्येच, म्हणजे बाणाच्या चौकोनातच होता. आपणही सर्वांत आधी हेच करून पाहा.

त्यानंतर स्क्रू काढून पॅनेल उचलले. वरचा पत्रा आणि खालची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये कडेने फोमची पट्टी असते, आणि पाय पडला की पत्रा वाकून तांब्याला टेकतो, एवढीच सगळी रचना आहे. आमच्या पट्टीवर बरोबर टाच पडते त्या जागी, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक चढला होता. मल्टीमीटर (वीज जोडली जाते का हे तपासायचे यंत्र) लावून कोपऱ्यावर दाबले की बीप येई, मधोमध दाबले की येत नसे. मी मुलीच्या कंपासपेटीतला साधा खोडरबर घेतला आणि तांबे गुलाबी दिसेपर्यंत घासले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे केले. पॉलिश पेपर वापरू नये, कारण त्याचे ओरखडे राहतात आणि तिथेच पुन्हा ओल धरते. फोम दबून कडक झाला होता, म्हणून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी आणली. पहिली पट्टी जाड निघाली आणि मुलीला पाय आपटावे लागू लागले, तेव्हा ती सोलून मूळ जाडीची लावली. या कामात दोन रविवार गेले. त्यानंतर आजतागायत तो बाण चुकलेला नाही, आणि दीर मात्र अजूनही म्हणतात की दोन रविवारांची किंमत धरली तर नवीन पॅडच स्वस्त पडला असता. नवीन पॅडच्या तांब्यावर पुण्याच्या पावसाळ्यात कळंक चढणार नाही असे त्यांना का वाटते, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही.

आपला पॅड घडी घालता येणारा, मऊ प्लॅस्टिकचा असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्यात दोन पातळ फिल्मवर कार्बनच्या रेघा छापलेल्या असतात आणि मध्ये भोके पाडलेला फोम असतो. घडी जिथे पडते तिथे ती रेघ तुटते. तिथे सोल्डरिंग करता येत नाही, कारण फिल्म वितळते. शिवण उसवून तांब्याची चिकटपट्टी लावता येते, पण ती किती दिवस टिकेल याची खात्री मी देणार नाही. असा पॅड नेहमी सैल गुंडाळून ठेवावा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. जुना प्लेस्टेशनचा पॅड अडॅप्टरने संगणकाला जोडला असेल आणि डावा-उजवा एकत्र घेतल्यावरच गडबड होत असेल, तर पॅडला काहीही झालेले नाही. काही अडॅप्टर बाणांना दिशा समजतात, आणि एकाच वेळी दोन विरुद्ध दिशा त्यांना कळवता येत नाहीत. बाण बटणे म्हणून पाठवणारा अडॅप्टर घेतला की काम होते.

तारांची अदलाबदल केल्यावर दोष बोर्डातच निघाला, तर माझ्या दिरांचे म्हणणे आपल्या बाबतीत खरे ठरेल. पण तेव्हाही पॅड टाकू नका. यूएसबीचे साधे जॉयस्टिक एन्कोडर बोर्ड (बटण दाबल्याचे संगणकाला कळवणारे) स्वस्तात मिळते, आणि पॅनेलच्या त्याच तारा त्याला जोडता येतात. पॅड उघडण्याआधी केबल मात्र काढून ठेवा.