व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन १२ दिवस जर्मनी-फ्रान्सला जायचं आहे. युरोपात कायद्यानेच सगळं सुगम्य असतं म्हणतात, मग आधी कुणाला काही कळवावं लागतं का?

कळवावंच लागतं. विमानासाठी ४८ तास आधी, रेल्वेसाठी २४ तास आधी. "तिकडे सगळं आपोआप होतं" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं ते तिथे स्वतःच्या पायांनी फिरून आलेले असणार. युरोपात हक्क भक्कम आहेत, पण ते आपोआप लागू होत नाहीत, मागावे लागतात. आणि मागायचे म्हणजे लेखी.

विमानापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. युरोपीय संघाचा नियम क्रमांक ११०७/२००६ जुलै २००८ पासून पूर्णपणे लागू आहे. विमानतळावरची मदत फुकट आहे, आणि ती देण्याची जबाबदारी विमान कंपनीची नसून विमानतळ चालवणाऱ्या संस्थेची आहे. तुम्ही कळवायचं मात्र विमान कंपनीला किंवा एजंटला, मग ते विमानतळाला कळवतात. ही साखळी मधेच तुटते, म्हणून "कळवलंय" या तोंडी शब्दावर विसंबू नका. ईमेलचं उत्तर मागा, आणि त्या उत्तरात मदतीचा कोड लिहिलेला आहे ना ते बघा.

कोडचं नीट समजून घ्या. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी थोडं चालतो, जिना चढतो, फक्त लांब अंतराला खुर्ची हवी. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानाच्या आत आपल्या सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. आपल्याकडचे एजंट सरसकट पहिला कोड टाकतात आणि "व्हीलचेअर टाकलीय, काळजी नको" म्हणतात. विमान टर्मिनलच्या पुलाला (एरोब्रिज) लागलं तर कोड चुकल्याचं फारसं जाणवत नाही. विमान लांब मैदानात उभं राहिलं की मग कळतं: दारात पायऱ्यांची शिडी, खाली बस, आणि उंच उचलणारी गाडी (अँब्युलिफ्ट) कुणी मागवलेलीच नाही. विमान रिकामं होतं, सफाईवाले आत येतात आणि तुमची आई सीटवर बसून राहते. तिला पाय टाकता येत नसेल तर डब्ल्यूसीएचसीच हवा. शिवाय स्वतःची इलेक्ट्रिक खुर्ची आहे ही नोंद वेगळी करावी लागते, मदतीच्या कोडमध्ये ती येत नाही.

आता खुर्ची. हा नियम माणशी दोन सहायक साधनं फुकट न्यायला सांगतो, इलेक्ट्रिक खुर्चीसकट. पण त्यालाही ४८ तासांची अट आहे, आणि जागा व धोकादायक मालाचे नियम आड येऊ शकतात. म्हणून पहिलं काम बॅटरीचं. तिच्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर गुणा. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॉट-अवर. काढता येणारी लिथियम बॅटरी एकच असेल तर मर्यादा ३०० ची, दोन असतील तर प्रत्येकी १६० ची, आणि काढलेली बॅटरी सामानात न टाकता केबिनमध्ये हाताशी न्यायची. घडीच्या खुर्च्या विकणारा दुकानदार २४ व्होल्ट १० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या "जास्त पल्ला" म्हणून कौतुकाने देतो. त्या प्रत्येकी २४० भरतात, म्हणजे जोडी नेता येत नाही, एकच न्यावी लागते. हे काउंटरवर कळलं तर एक बॅटरी मुंबईतच राहते आणि १२ दिवस अर्ध्या पल्ल्यावर काढावे लागतात. बॅटरी खुर्चीतच पक्की बसवलेली आणि सुरक्षित असेल तर ती काढायची नसते, तिला ही वॉट-अवरची मर्यादाही नाही. सील केलेली जेल बॅटरीसुद्धा खुर्चीतच राहते. लिथियमसाठी यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा कागद दुकानदाराकडून आधीच घेऊन ठेवा, कंपन्या तो बऱ्याचदा मागतात.

खुर्ची मोडते ती बहुतेक वेळा हवेत नाही, जमिनीवर मोडते. मागच्या चाकांजवळ मोटर मोकळी करायचा खटका असतो. माल चढवणाऱ्या माणसाला तो ठाऊक नसतो, म्हणून तो लॉक असलेली चाकं फरफटत नेतो आणि गिअर जातो. खुर्ची दारातून उभी मावत नाही म्हणून आडवी केली की जॉयस्टिकचा दांडा वाकतो. बोइंग ७३७ च्या पोटाचं दार ९० सेंटिमीटरपेक्षाही कमी उंच असतं, त्यामुळे पाठ दुमडल्यावर खुर्चीची उंची किती उरते ते टेपने मोजून कंपनीला कळवा. जॉयस्टिक निघत असेल तर काढून केबिनमध्ये घ्या, निघत नसेल तर जाड टॉवेलात गुंडाळून चिकटपट्टी लावा. उशी आणि खुर्चीचे निघणारे हात-पाय सोबत ठेवा. एक कागद प्लास्टिकमध्ये घालून पाठीला घट्ट बांधा. त्यावर इंग्रजीत आणि चित्रात लिहा: वजन, बॅटरीचा प्रकार, खटका कुठे आहे, उचलायचं कुठून आणि कुठून नाही. खुर्ची सोपवायच्या क्षणी चारही बाजूंनी फोटो काढा. ती विमानाच्या दाराशीच परत हवी असंही सांगून ठेवा, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर येते आणि आईला तोवर विमानतळाच्या साध्या खुर्चीत बसवतात.

तरीही मोडली तर विमानतळाबाहेर पाऊल टाकायच्या आत सामानाच्या काउंटरवर तक्रारीचा फॉर्म भरा. लेखी दाव्याला फक्त सात दिवस मिळतात. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. चांगल्या खुर्चीची किंमत याहून कितीतरी जास्त असते. यावर एक तोड त्याच करारात आहे: खुर्ची सोपवताना तिची खरी किंमत लेखी जाहीर करायची आणि कंपनी मागेल तर जादा शुल्क भरायचं, मग जाहीर केलेल्या रकमेपर्यंत दावा करता येतो. हे जवळपास कुणी करत नाही. काउंटरवरच्या मुलीला फॉर्म माहीत नसेल तर वरिष्ठांना बोलवायला सांगा.

मुंबईहून जाताना एक भेद लक्षात ठेवा. युरोपीय कंपनीचं विमान असेल तर प्रवास नाकारू नये आणि खुर्ची न्यावी ही तिची कर्तव्यं या नियमाखाली मुंबईपासूनच लागू होतात. बिगर-युरोपीय कंपनीला ती जाताना लागू नाहीत. युरोपातल्या विमानतळावर उतरल्यावरची मदत मात्र कोणत्याही कंपनीच्या प्रवाशाला मिळते. आणखी एक गोष्ट: सुरक्षेच्या कारणावरून कंपनी सोबतीचा माणूस मागू शकते, पण विमानात त्याचं तिकीट फुकट नसतं.

रेल्वेचा नियम २०२१/७८२ हा आहे, जून २०२३ पासून लागू. यात रेल्वेने सोबतीचा आग्रह धरला तर सोबत्याचा प्रवास फुकट. जर्मनीत प्लॅटफॉर्म बहुधा ५५ किंवा ७६ सेंटिमीटर उंच असतात आणि बऱ्याच आयसीई (जर्मनीच्या वेगवान) गाड्यांचा तळ त्याहून बराच वर असतो. म्हणून प्लॅटफॉर्मवरची उचलयंत्राची गाडी आणि ती चालवणारा कर्मचारी लागतो. आयसीई ४ मध्ये यंत्र गाडीतच बसवलेलं आहे. दोन्ही बाबतीत डॉइचे बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या मोबिलिटी सेवेकडे आधी नोंद करा, चढायच्या आणि उतरायच्या अशा दोन्ही स्टेशनांची. कायद्यातली मोठी फट इथेच आहे: जिथे कर्मचारी नाही त्या स्टेशनावर "शक्य ते प्रयत्न" एवढंच बंधन आहे. म्हणून लहान गावातलं स्वस्त हॉटेल घेऊ नका. खुर्ची ७० सेंटिमीटर रुंद आणि १२० लांब या मापाच्या आत हवी, युरोपीय गाड्यांमधली जागा त्याच मापाने आखलेली असते.

इमारतींबाबत युरोपची ख्याती खरीपेक्षा मोठी आहे. २८ जून २०२५ पासून लागू झालेला युरोपीय सुगम्यता कायदा नव्या एटीएमना, तिकीट यंत्रांना, बँकसेवेला, ऑनलाइन दुकानांना लागू आहे. इमारती त्यात घ्यायच्या की नाही हे देशांच्या मर्जीवर सोडलेलं आहे. आधीपासून बसवलेली यंत्रंही वापरात राहू शकतात, काही देशांत २० वर्षांपर्यंत. पॅरिस मेट्रोच्या २००० पूर्वीच्या मार्गांपैकी पूर्ण सुगम्य फक्त १४ क्रमांकाचा, तोही उशिरा, १९९८ मध्ये सुरू झाला म्हणून. पॅरिसमध्ये बसने फिरा. हॉटेलला "ॲक्सेसिबल आहे का" विचारू नका, ते हो म्हणतात. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा, ८० हवी. लिफ्टची आतली मापं विचारा, ११० बाय १४० असेल तर निर्धास्त जा.

शेवटी, या विषयावर नेहमी वाद घालणाऱ्यांसाठी. "गोड बोला, टिप द्या, काम होतं" हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मदत हा आईचा हक्क आहे, ढकलणाऱ्या माणसाच्या चांगुलपणावर तो टांगून ठेवायचा नाही. रांग टाळण्यासाठी धडधाकट माणसांनी खुर्ची मागायची आणि मग ज्याला एक पाऊल टाकता येत नाही त्याने ताटकळायचं, हेही थांबायला हवं. अर्थात खुर्चीतून उठून चार पावलं चालणारा प्रत्येक माणूस ढोंगी नसतो. गुडघे, हृदय, श्वास यांचा त्रास असलेल्यांसाठीच पहिला कोड (डब्ल्यूसीएचआर) आहे.

यूडीआयडी कार्ड (आपल्याकडचं अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) सोबत असू द्या, पण तिथे ते अधिकृतपणे चालत नाही. नवं युरोपीय अपंगत्व कार्ड जून २०२८ पासून येतंय, तेही तिथे राहणाऱ्यांसाठी. संग्रहालयांच्या सवलतीसाठी सरकारी रुग्णालयाचं इंग्रजी प्रमाणपत्र न्या. आईच्या खुर्चीचा मॉडेल आणि बॅटरीवरचे आकडे खाली लिहिलेत तर कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मजकूर तयार करून देतो.