लिफ्ट बंद पडल्यावर काय?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे कमरेखाली हालचाल व संवेदना नाही. तो बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरतो आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आपत्ती आलीच तर त्याला खुर्चीसकट उचलून खाली न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. तो मात्र या विषयावर बोलायलाच तयार नाही. एवढी तयारी पुरेशी आहे का?

उत्तर : पुरेशी नाही, आणि तो का बोलत नाही, हे बहुधा 'आम्ही ठरवले आहे' या शब्दांतच आले आहे. अशा खुर्चीचे वजन माणसाशिवायच शंभर किलोच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असू शकते. ती माणसासकट जिन्यावरून उतरवू गेल्यास उचलणाऱ्यांच्याही जिवावर बेतेल. म्हणून खुर्ची वर सोडून केवळ त्याला खाली आणायचे, हे गृहीत धरा. जिन्यावरून घसरवत उतरवायची 'इव्हॅक्युएशन चेअर' सोसायटीने घेतली तर उत्तमच. ती नसेल तर दोघांनी उचलण्याची पद्धत जाणकाराकडून शिकून घ्यावी.

कुठे धरायचे, पाय कसे सांभाळायचे, कॅथेटरची, म्हणजे लघवी काढण्याची, नळी कुठे अडकते, पायांत अचानक आकडी येते का, हे त्यालाच ठाऊक असते. म्हणून सूचना त्याने द्याव्यात आणि इतरांनी त्या पाळाव्यात. पायऱ्यांच्या कडेवर टाच खरचटत असली तरी त्याला ते जाणवणार नाही, त्यामुळे पायांकडे लक्ष ठेवण्याचे काम एकाकडे सोपवा. हा सराव एखाद्या निवांत दिवशी करा आणि त्यात शेजाऱ्यांनाही घ्या, कारण संकट तुम्ही घरी असतानाच येईल असे नाही. किमान तिघांना घराची किल्ली कुठे मिळेल हे माहीत असावे.

भूकंपात हादरे सुरू असताना हलू नये. खुर्चीचे ब्रेक लावून पुढे वाकावे आणि हातांनी डोके व मान झाकावी. आगीत लिफ्ट वापरू नये. जिना धुराने भरला असेल तर दार बंद करून, फटीत ओले कापड कोंबून, अग्निशमन दलाला मजला व खोली नेमकी सांगावी. पुराचा इशारा मिळाल्यास मात्र शेजारी निघण्याची वाट पाहू नका, कारण तुम्हाला निघायलाच अधिक वेळ लागणार आहे.

पिशवीत किमान आठवड्याची औषधे, कॅथेटरचे साहित्य, चार्जर आणि औषधांची व उचलण्याच्या पद्धतीची लेखी माहिती असावी. हमखास विसरते ती बसायची खास गादी. निवारा केंद्रातील कडक फरशीवर तिच्याविना काही तास बसल्यास बेडसोअर, म्हणजे सततच्या दाबाने होणारा व्रण, होऊ शकतो; वेदना जाणवत नसल्याने तो उशिरा लक्षात येतो आणि भरून यायला कित्येक महिने लागू शकतात. एखादी घडीची साधी व्हीलचेअर तळमजल्यावर ठेवता आली तर फार बरे.

निवारा केंद्रात उतार आहे का, शौचालयाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हे स्थानिक प्रशासनाला आताच विचारा. त्यात संकोच कसला? अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचे ११ वे कलम आपत्तीतील त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी करारात सहभागी राष्ट्रांवर टाकते.

प्रश्न : आईला श्रवणयंत्राशिवाय ऐकू येत नाही आणि झोपताना ती ते काढून ठेवते. रात्री धोक्याची घंटा वाजली तर?

उत्तर : धुराच्या अलार्मला जोडलेले, उशीखाली ठेवायचे कंपन-यंत्र मिळते, गाढ झोपेतून जागे करायला केवळ लुकलुकणारा दिवा अपुरा पडू शकतो. श्रवणयंत्र रोज एकाच जागी, हादऱ्याने पडणार नाही अशा डबीत ठेवावे आणि जोडीला जादा बॅटऱ्या असाव्यात. उशाशी टॉर्चही हवा, पण वीज गेल्यावर त्याचा झोत आईच्या डोळ्यांवर न टाकता स्वतःच्या चेहऱ्यावर धरा, म्हणजे तिला तुमच्या ओठांची हालचाल दिसेल.